सहा भोकांचा चेंडू

मुलांनो, वर्गातलं लोखंडी कपाट कधी हलवून पाहिलंय? आमच्या शाळेत खोल्या बदलल्या तेव्हा आम्ही पाहिलं. नव्या खोलीत खिडकीखाली जागा होती, पण कपाट पडलं उंच! ते काही बुटकं होईना. शेवटी व्हरांड्यात गेलं आणि पावसात गंजलं. तसं धडधाकट होतं बिचारं.

या अडचणीवर एक झकास उपाय निघाला तो दूर स्वित्झर्लंडमध्ये. बर्न शहराजवळच्या म्युन्सिंगेन गावी यूएसएम ही १८८५ साली सुरू झालेली कंपनी आहे. खिडक्यांची कडी-कोयंड्यासारखी लोखंडी सामग्री ती बनवी. मालकांचा नातू पॉल शेरर याने नवा कारखाना बांधायचं काम फ्रिट्झ हालर या वास्तुशिल्पकाराला दिलं. हालरची इमारत पोलादी सांगाड्याची, हवी तेव्हा वाढवता येणारी. मग १९६३ साली दोघांनी ठरवलं, कचेरीतलं फर्निचरही असंच का नसावं? नक्षी नको, फुलं नकोत. कामापुरतं, पण नेटकं.

सगळी गंमत आहे एका छोट्या चेंडूत. चेंडू पितळेचा, वर चकचकीत क्रोमचा मुलामा. त्याला सहा भोकं: वर, खाली, डावीकडे, उजवीकडे, पुढे, मागे. भोकांना आतून आटे असतात. त्यांत पोलादी नळ्या स्क्रूने पक्क्या करायच्या, मधे रंगीत पत्रे बसवायचे की झाला कप्पा! टेबल उंच हवंय? नळ्या बदला. कप्पा वाढवायचाय? आणखी नळ्या जोडा. जुन्या कपाटाला आजचे सुटे भागही बसतात. १९६९ साली पॅरिसच्या रॉथशील्ड बँकेने अशी ६०० टेबलं मागवली आणि या फर्निचरचा बोलबाला झाला. २००१ पासून ते न्यूयॉर्कच्या आधुनिक कलेच्या संग्रहालयातही आहे. (किंमत मात्र भारी हं! आपल्या शाळेला परवडायची नाही.)

पण वाटाणे परवडतील ना? आईला विचारून मूठभर वाटाणे रात्री भिजत घाला. आठ वाटाणे आणि बारा टूथपिक घेऊन एक पेटी करा. टोकं जपून हं, बोटात घुसतात. पेटीला हलकेच ढकला, ती तिरकी होईल. आता एका बाजूला पुठ्ठा चिकटवून त्या पुठ्ठ्याला समांतर ढकला. डुगडुगणं थांबलं की नाही?

शेजारी दुसरी पेटी जोडा. तिला चारच वाटाणे आणि आठच काड्या लागतील, कारण मधली बाजू दोघींची! चार पेट्या एका रांगेत लावल्या तर वाटाणे लागतात २०, आणि दोनामागे दोन अशा लावल्या तर १८. दुसऱ्या रचनेत अगदी मधल्या वाटाण्यात पाच काड्या शिरलेल्या दिसतील. मग सहावी काडी कधी शिरेल बरं? करून पाहा.