दोष सुनेचा कीं सूत्राचा ?

गेल्या चैत्रांत आम्ही एका स्नेह्यांकडे समाचारास गेलों होतों. पांच महिन्यांचें नातवंड गेलें होतें. जन्मापासून खोकला, जुलाब, तोंडांत बुरशी. एक दुखणें उतरावें तों दुसरें उभें! सुनेचें पहिलें मूलही असेंच गेलेलें. त्यामुळें घरांत तिच्या पायगुणाविषयीं कुजबूज चालली होती. डॉक्टरांनीं मात्र रक्त तपासून निराळेंच कारण सांगितलें होतें. तें आमच्या वाचकांसही ठाऊक असावें.

आपल्या पेशींत गुणसूत्रांच्या २३ जोड्या असतात. पैकीं विसाव्या गुणसूत्रावरील एका जनुकाच्या आज्ञेनें 'अ‍ॅडिनोसिन डीअमिनेज' नांवाचें विकर तयार होतें. त्याचें काम घरांतील खरकटें काढणाऱ्या माणसासारखें आहे. पेशींच्या व्यवहारांतून उरणारीं कांहीं द्रव्यें तें पालटून निरुपद्रवी करतें. तें नसलें, तर हा मळ सांचून विष बनतो आणि रोगांशीं झुंजणाऱ्या लिंफोसाइट पेशी मरतात. मग साधी सर्दीही जिवावर बेतते, बी. सी. जी.सारखी जिवंत जंतूंची लसही घातक ठरूं शकते. हा संबंध सिअ‍ॅटल येथील डॉ. एलोइस गिब्लेट यांनीं १९७२ सालीं उघडकीस आणला.

आतां दोषाचा प्रश्न. या जनुकाची एक प्रत पित्याकडून येते, एक मातेकडून. एक चांगली असली तरी काम भागतें. दोन्ही बिघडल्या तरच व्याधि जडते. म्हणजे जेवढा वांटा मातेचा, तेवढाच पित्याचा! अशा जोडप्यास प्रत्येक खेपेस चारांत एक धोका असतो. येथें तर पति-पत्नी आते-मामे भावंडें. गोत्र भिन्न खरें. परंतु गोत्र पित्याकडून चालतें, जनुकें दोन्ही कुळांकडून येतात.

उपाय आहेत: जुळणाऱ्या भावंडाची अस्थिमज्जा, विकराचें इंजेक्शन आणि जनुकोपचार. १४ सप्टेंबर १९९० रोजीं अमेरिकेंत बेथेस्डा येथें चार वर्षांच्या एका मुलीच्या पेशींत हेंच जनुक घालून त्या तिला परत देण्यांत आल्या. ती जगली, विकराचें औषधही चालूच होतें. मात्र उपाय वेळेवर हवा. ज्या घरीं तान्हें मूल असें वारंवार आजारून गेलें असेल, त्यांनीं पुढल्या खेपेस लस टोचण्यापूर्वींच डॉक्टरांस तें सांगावें.

निघतांना आम्हीं म्हटलें, "वहिनी, सून तुमच्याच भावाची लेक. हें बहुधा तुमच्या माहेराहूनच दोन वाटांनीं आलें. आणि त्यांत तुमचाही अपराध नाहीं."

वहिनी बराच वेळ गप्प होत्या. मग उठून त्यांनीं सुनेच्या हातांतलें भांडें घेतलें आणि म्हणाल्या, "तूं बस जरा."