चुकलेला टिपका : बुलढाण्याच्या संगणकीय नकाशांची पंधरा वर्षे

२०११ च्या जनगणनेचे आकडे आले तेव्हा ते नकाशावर चढवणे हे भूगोलाचे रीतसर शिक्षण घेतलेल्या माणसाचे काम होते. जिल्ह्याची हद्द, तालुक्यांच्या सीमा आणि गावांचे बिंदू यांच्या फाइली नागपूरच्या एमआरसॅकसारख्या सुदूर संवेदन संस्थांकडे असत. त्या मिळवायच्या, जुळवायच्या आणि मग रंग भरायचे, यात आठवडे जात. पुढच्या पाच वर्षांत चित्र पालटले. जुलै २०१५ मध्ये मायक्रोसॉफ्टचे पॉवर बीआय सर्वांसाठी खुले झाले, २०१६ च्या एक्सेलमध्ये थ्रीडी मॅप्स आले, त्याच वर्षी गूगलने डेटा स्टुडिओ आणले. टॅब्लो त्याआधीपासून होतेच. एका कॉलममध्ये गावांची नावे, दुसऱ्यात आकडे, की नकाशा तयार. ही सोय फार मोठी आहे आणि तिने जिल्हा पातळीवरच्या कामात खरा फरक पाडला. पण तिच्याबरोबर एक चूकही घराघरांत पोचली: टिपका भलत्याच ठिकाणी पडणे. या चुकीचे खापर बहुतेक वेळा सॉफ्टवेअरवर किंवा सतत बदलणाऱ्या हद्दींवर फोडले जाते. बुलढाणा जिल्ह्याचा गेल्या पंधरा वर्षांचा अनुभव मात्र वेगळे सांगतो. २००१ आणि २०११ या दोन्ही जनगणनांत जिल्ह्याचे तालुके तेरा होते आणि आजही तेराच आहेत. जिल्ह्याचे विभाजन झाले नाही, नामांतर झाले नाही. तरीही त्याचे टिपके चुकत राहिले. ठिकाणाची ओळख आपण नुसत्या नावावर सोपवली, हे त्याचे मुख्य कारण आहे.

हे नीट कळायला या सॉफ्टवेअरचे काम कसे चालते ते पाहावे लागते. कॉलममध्ये ‘जळगाव’ असा शब्द दिसला की पॉवर बीआय तो मायक्रोसॉफ्टच्याच नकाशासेवेकडे पाठवते. तिथे त्या नावाची जेवढी ठिकाणे नोंदलेली असतील त्यांतले एक निवडले जाते आणि त्याचे अक्षांश-रेखांश परत येतात. निवड करताना मोठे, प्रसिद्ध शहर पुढे सरकते, लहान गाव मागे राहते. आता बुलढाण्याच्या एखाद्या तालुकानिहाय तक्त्याचा विचार करा. तेरा ओळींपैकी एक जळगाव जामोदची. तक्ता भरणाऱ्याला ‘जामोद’ लिहिण्याची गरज वाटत नाही, कारण जिल्ह्यात दुसरे जळगाव तालुक्याचे ठिकाण नाही. सॉफ्टवेअरला मात्र खानदेशातले जळगाव आधी आठवते. दोन्ही गावे जवळपास एकाच अक्षांशावर, २१ अंशांच्या आसपास आहेत. रेखांशात एक अंशाच्या आतबाहेर फरक. म्हणजे टिपका सरळ पश्चिमेला सुमारे शंभर किलोमीटर सरकतो आणि राज्याच्या नकाशावर तो सहजी खटकतही नाही. रंगाचा नकाशा असेल तर हानी दुहेरी होते: सातपुड्याच्या पायथ्याचा एक अख्खा तालुका कोरा राहतो आणि त्याचा आकडा शेजारच्या जिल्ह्याच्या खात्यावर जमा होतो. नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पाच्या मूळ पंधरा जिल्ह्यांत बुलढाणाही होता आणि जळगावही. अशा प्रकल्पाच्या एकाच यादीत ‘जळगाव’ हा शब्द जिल्ह्याच्या कॉलममध्ये एका अर्थाने येतो आणि तालुक्याच्या कॉलममध्ये दुसऱ्या अर्थाने.

जळगाव हे एकटे उदाहरण नाही. मोताळा तालुक्याचे इंग्रजी स्पेलिंग स्वीडनमधल्या व्हेटर्न सरोवराकाठच्या एका शहराशी अक्षर न् अक्षर जुळते. देशाचा कॉलम रिकामा ठेवला तर बुलढाण्याच्या कापसाचा आकडा उत्तर युरोपात जाऊन बसू शकतो. बुलढाणा तालुक्यातले रायपूर छत्तीसगडच्या राजधानीत जमा होते, लोणार तालुक्यातले सुलतानपूर उत्तर प्रदेशात. मलकापूर कोल्हापूर जिल्ह्यातही आहे आणि कराडजवळही; चिखली पिंपरी-चिंचवडमध्येही आहे आणि गुजरातच्या नवसारी जिल्ह्यातही. स्वीडनची चूक निदान लगेच दिसते, दुरुस्त होते. मलकापूरची चूक राज्याच्या आतच राहते, म्हणून ती अधिक घातक आहे. त्यात स्पेलिंगची भर. जनगणनेच्या इंग्रजी तक्त्यांत जिल्ह्याच्या नावात ‘डी’नंतर ‘एच’ नाही. इतर बहुतेक सरकारी याद्यांत तो आहे. देऊळगाव राजा कुठे ‘देओल’ने सुरू होते, कुठे ‘देऊळ’ने. आपण मराठीतही बुलढाणा आणि बुलडाणा ही दोन्ही रूपे वापरतो. माणूस हा फरक वाचता वाचता ओलांडून जातो, पण दोन तक्ते जोडणाऱ्या संगणकाला ते दोन वेगळे जिल्हे वाटतात.

यावर पहिला आक्षेप असा येतो की, नावापुढे तालुका, जिल्हा, राज्य, देश असा पूर्ण पत्ता लिहा, प्रश्न मिटला. हा उपाय उपयोगी आहे आणि करायलाच हवा. कॉलमला ‘शहर’, ‘राज्य’, ‘देश’ असा प्रकार ठरवून देणे, जिल्हा ‘काउंटी’ या वर्गात घालणे, ही पहिली दुरुस्ती. तेवढ्यानेही बरेच टिपके घरी परततात. जिल्ह्याचे नाव ‘शहर’ म्हणून दिले तर सगळ्या जिल्ह्याचा आकडा बुलढाणा गावाच्या बिंदूवर येतो, ‘काउंटी’ म्हणून दिले तर जिल्ह्याच्या हद्दीत पसरतो, इतका त्याचा परिणाम आहे. पण हा उपाय जिल्हा-तालुक्यापर्यंतच पुरतो. गावपातळीवर उतरले की जिल्ह्यातच नावे एकमेकांना भिडतात. बुलढाणा तालुक्यात पिंपळगाव सराई, खामगावात पिंपळगाव राजा, जळगाव जामोदात पिंपळगाव काळे, मोताळ्यात पिंपळगाव देवी. याद्यांत पहिला शब्द राहतो आणि दुसरा गळतो. बुद्रुक आणि खुर्द यांची तर ‘बु.’ आणि ‘खु.’ अशी आद्याक्षरे होतात आणि इंग्रजीत जाताना ती कधी कंसात जातात, कधी नाहीशीच होतात. शिवाय परदेशी नकाशासेवेच्या साठ्यात लहान गाव नोंदलेलेच नसेल तर पूर्ण पत्ता देऊनही ती जवळच्या मोठ्या ठिकाणावर समाधान मानते. टॅब्लो इथे अधिक प्रामाणिकपणे वागते: न ओळखलेल्या ठिकाणांची संख्या ते नकाशाच्या कोपऱ्यात दाखवते आणि ती हाताने जुळवू देते. थ्रीडी मॅप्समध्ये जुळणीच्या खात्रीची टक्केवारी मिळते. या दोन गोष्टी पाहिल्याशिवाय नकाशा पुढे पाठवू नये, असे मला ठामपणे वाटते. कोरी राहिलेली जागा प्रश्न विचारायला लावते, चुकीची भरलेली जागा कुणाच्या लक्षातच येत नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. आता प्रत्येकाच्या हातात जीपीएस आहे. २०१६ पासून रोजगार हमीच्या कामांचेही इस्रोच्या भुवन नकाशासेवेच्या मदतीने जिओ-टॅगिंग होऊ लागले. मग नावांची कटकट हवीच कशाला, थेट अक्षांश-रेखांश द्या. विहीर, शेततळे, बंधारा अशा एका जागच्या गोष्टीसाठी हे बरोबरच आहे. पण आकडेही चुकतात, आणि त्यांच्या चुका ठरावीक पद्धतीच्या असतात. बुलढाणा शहर सुमारे २०.५३ उत्तर, ७६.१८ पूर्व या ठिकाणी आहे. दोन कॉलमांची अदलाबदल झाली की टिपका स्वालबार्डच्या दक्षिणेला बॅरेंट्स समुद्रात पडतो. ही चूक लपत नाही. दुसरी लपते: २० अंश ३२ मिनिटे, ७६ अंश ११ मिनिटे हे मोजमाप कुणी २०.३२ आणि ७६.११ असे दशांशात उतरवले, तर बुलढाणा सुमारे पंचवीस किलोमीटर दक्षिण-नैऋत्येला सरकून चिखलीच्या पश्चिमेला येते. जिल्ह्यातच राहते, म्हणून कुणी शंका घेत नाही. तिसरी चूक सॉफ्टवेअरच्या सवयीतून होते. अक्षांशाचा कॉलम संख्यांचा असल्याने पॉवर बीआय त्याची बेरीज किंवा सरासरी करू पाहते. सरासरी झाली की तालुक्याची सगळी शेततळी मध्यावर एका टिपक्यात गोळा होतात. तो कॉलम ‘बेरीज नको’ असा ठरवून द्यावा लागतो. जुन्या भूमापनाच्या नकाशांवरून घेतलेले बिंदू असतील तर आणखी एक फरक पडतो. ते नकाशे एव्हरेस्टच्या गोलाभावर आधारलेले आहेत आणि जीपीएस डब्ल्यूजीएस-८४ वर चालते. बुलढाण्याच्या परिसरात या दोहोंत शंभर-दीडशे मीटरचा फरक येतो. तालुक्याच्या नकाशावर तो जाणवत नाही, पण शेताच्या बांधावर जाणवतो. आणि मुख्य म्हणजे पाऊस, उत्पादन, लोकसंख्या यांचे आकडे बिंदूचे नसतातच, ते हद्दीचे असतात. हद्दीला अक्षांश-रेखांशाचा एकच जोड देऊन भागत नाही.

एवढा काथ्याकूट कशासाठी, नकाशा तर केवळ सादरीकरणासाठी असतो, असेही म्हटले जाते. हे मला मान्य नाही. महाराष्ट्रात पीक विम्याचा हिशेब प्रमुख पिकांसाठी महसूल मंडळाच्या पातळीवर होतो, आणि मंडळात चोवीस तासांत ६५ मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला की अतिवृष्टीची नोंद होते. महावेध प्रकल्पातली स्वयंचलित हवामान केंद्रे मंडळनिहाय बसवली गेली ती याच कारणाने. मंडळाचे नाव मात्र त्यातल्या मुख्य गावाचेच असते, म्हणजे गावांच्या नावांचा सगळा गोंधळ जसाच्या तसा मंडळांच्या यादीत उतरतो. जुलै २०२३ मध्ये जळगाव जामोद आणि संग्रामपूर या तालुक्यांना अतिवृष्टीने झोडपले. शेते खरडून गेली, घरांत पाणी शिरले. अशा वेळी पंचनाम्यासाठी पथके कुठे आधी पाठवायची, मदत कुठे कमी पडते आहे, हे ठरवणारा माणूस आता कागदी यादीआधी पडद्यावरचा नकाशा पाहतो. त्या नकाशावर पिंपळगाव काळेचा पाऊस पिंपळगाव राजावर दिसला, तर सादरीकरणाची चूक सोयाबीन वाहून गेलेल्या शेतकऱ्याच्या दारात जाते.

म्हणून नावाऐवजी कोड, हा या पंधरा वर्षांतला सर्वांत टिकाऊ उपाय आहे. २०११ च्या जनगणनेने प्रत्येक गावाला सहा अंकी कोड दिला. पंचायत राज मंत्रालयाच्या लोकल गव्हर्नमेंट डिरेक्टरीने जिल्ह्यापासून गावापर्यंत आपले वेगळे कोड दिले. पॉवर बीआयच्या शेप मॅपमध्ये किंवा क्यूजीआयएसमध्ये हद्दींची आपली फाइल घालून आकडे कोडवर जोडले, की जळगावचा गोंधळ मुळातच उद्भवत नाही: २०११ च्या यादीत जळगाव जिल्हा ४९९, बुलढाणा ५००. कोडही निर्दोष नाहीत, हे मान्य करायला हवे. २००१ मध्ये बुलढाण्याचा राज्यांतर्गत कोड ०४ होता आणि एक्सेल आपल्या मनाने त्यातले शून्य खाऊन टाकते. कॉलम मजकुराच्या स्वरूपात ठेवला नाही तर जोडणी तुटते. पिनकोडला कोड समजणारेही आहेत, पण तो टपाल वाटपासाठी आहे. बुलढाण्याचा पिन ४४३ ने सुरू होतो आणि खामगावचा ४४४ ने, जिल्हा एकच असून. इतर जिल्हे बदलतात तेव्हा कोडचे मोल अधिकच कळते. २०१४ मध्ये पालघर वेगळा झाला आणि ३५ जिल्ह्यांच्या जुन्या फाइलींत त्याला जागाच उरली नाही. बुलढाण्याला लागून असलेला औरंगाबाद २०२३ मध्ये छत्रपती संभाजीनगर झाला. त्याआधी वर्षानुवर्षे त्याचे आकडे बिहारच्या औरंगाबादवर जाण्याचा धोका होताच, आता एकाच जिल्ह्याची दोन नावे जुन्या-नव्या तक्त्यांत शेजारी शेजारी उभी आहेत. कोडवर जोडलेल्या तक्त्याला या नामांतराने धक्का लागत नाही.

हे काम सॉफ्टवेअर कंपन्यांनी करावे, त्यांच्याकडे पैसा आणि माणसे आहेत, हा शेवटचा आक्षेप. त्यांनी आपले साठे सुधारावेत हे खरेच, पण पिंपळगाव सराई आणि पिंपळगाव देवी यांतला भेद त्यांना कोण सांगणार? ते ज्ञान तलाठ्याकडे, तहसीलमध्ये आणि जिल्हा सांख्यिकी कार्यालयात आहे. जनगणना २०२१ मध्ये झाली नाही, हद्दी गोठवण्याची मुदत २०१९ पासून पुन्हा पुन्हा पुढे गेली, आणि आता १ मार्च २०२७ हा संदर्भ दिनांक ठरला आहे. नव्या आकड्यांबरोबर नवी यादी येईल, आणि २०११ चा कोणता कोड २०२७ च्या कोणत्या कोडशी जुळतो हे सांगणारा तक्ता हाती नसेल, तर सोळा वर्षांची तुलना पुन्हा नावांवरच करावी लागेल. बुलढाण्यासाठी हे काम आवाक्यातले आहे: तेरा तालुके आणि चौदाशेच्या आसपास गावे. जिल्ह्याचे सामाजिक व आर्थिक समालोचन छापले जाते, त्यातल्या प्रत्येक तालुकानिहाय तक्त्यात नावाच्या डावीकडे कोडचा एक कॉलम वाढवणे आणि गावांची यादी बु., खु. न गाळता, सगळ्या रूढ स्पेलिंगांसह, एक्सेलमध्ये सर्वांना उघडी करणे, इथून सुरुवात करता येते. पीडीएफमध्ये नव्हे, कारण पीडीएफमधून उचललेल्या मराठी नावांची अक्षरे फुटतात आणि जुळवणीचे काम पुन्हा पहिल्यापासून करावे लागते.