पदवीधराचा दुसरा उद्योग



पदवीधर मुलगा चौथी उत्तीर्णाच्या जागेसाठीं अर्ज भरतो, तेव्हां घरांत कोणी बोलत नाहीं. पण सल सर्वांच्या मनांत असतो. मंत्रालयाच्या उपाहारगृहांतील वाढप्यांच्या 13 जागांसाठीं सुमारें 7,000 अर्ज आले आणि त्यांत पदवीधरच अधिक होते, हें 2019 सालीं प्रसिद्ध झालें. 2023 च्या तलाठी भरतींत जागा 4,644 आणि अर्ज 10 लाखांहून अधिक. म्हणजे दर दोनशें उमेदवारांमागें एकही जागा नाहीं.

मग कारखाने थोडे व पाऊस बेभरवशाचा अशा बीड जिल्ह्यांतील पदवीधरानें करावें काय? एक वाट तेथेंच आहे. रेशीमशेतींत बीड राज्यांतील आघाडीच्या जिल्ह्यांपैकीं आहे. तुतीस उसापेक्षां पाणी पुष्कळ कमी लागतें, आणि अंड्यांतून अळी निघाल्यापासून साधारण महिन्याभरांत कोष हातीं येतो. मात्र संगोपनगृहांतील उष्णता व आर्द्रता रोज मोजावी लागते, रोगाची चाहूल वेळीं ओळखावी लागते. शिकलेल्या माणसाचें शिक्षण येथें कामास येतें.

तथापि घाई नको. परीक्षा किती वर्षें द्यावयाच्या, तें आधीं ठरवावें. तोंवर एखाद्या अनुभवी शेतकऱ्याकडे एक पीक हातानें काढून पाहावें, कोषांचे भाव बाजारांत जाऊन स्वतः पाहावे, कर्ज त्यानंतर.

वडीलधाऱ्यांस एवढीच विनंती, कीं "इतकें शिकून शेवटीं शेतींतच?" असें त्यास विचारूं नये. त्या एका प्रश्नापायींच कित्येक मुलें पुढच्या भरतीची वाट पाहात वय घालवितात.