समोरच्याच्या गाडीला विमाच नसेल तर?

कॉलेजच्या पार्किंगमध्ये लावलेली तुमची बाइक कोणत्या सालची आहे? 2019 किंवा 2020 ची असेल, तर एमपरिवहन ॲपवर तिचा नंबर टाका आणि विम्याची तारीख बघा. सप्टेंबर 2018 पासून नवी टू-व्हीलर घेतानाच पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा काढावा लागतो. पाच वर्षं रिन्यूअलचा विषयच निघत नाही, आणि सहाव्या वर्षी तो कुणाच्या लक्षातही येत नाही. पकडलं तर पहिल्या वेळी 2 हजार रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही.

आता बाजू बदलून बघा. तुम्ही सावेडीतून मनमाड रोडवर निघालात आणि राँग साइडने आलेल्या बाइकने तुम्हाला उडवलं. पाय मोडला, रॉड टाकावा लागला, सेमिस्टर गेलं. चूक शंभर टक्के त्याची. पण त्याचाही विमा संपलेला. मग पैसे कोण देणार?

कायदा म्हणतो, चालक आणि मालक. त्यासाठी मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात जायचं. कायद्यात मुदत सहा महिन्यांची आहे. विमा असता तर रक्कम कंपनीने भरली असती. तो नाही म्हटल्यावर वसुली मालकाकडून, आणि त्याच्याकडेच काही नसेल तर जिंकूनही तुमच्या हातात निकालाचा कागद. म्हणूनच 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की विमा नसलेल्या गाडीचा मालक तारण देत नसेल तर गाडी सोडू नका. तीन महिन्यांनी लिलाव करून पैसे न्यायाधिकरणात जमा करा. पण जुन्या बाइकच्या लिलावातून येऊन येऊन येणार किती?

कधी विमा असूनही घोळ होतो. आपल्याकडे गळीत हंगामात रस्तोरस्ती उसाच्या ट्रॉल्या असतात. ट्रॅक्टरची पॉलिसी शेतीकामाची आणि वाहतूक भाड्याची, असं निघालं की कंपनी हात वर करते आणि वाद कोर्टात रेंगाळतो.

सरकारी आधार आहे, पण मर्यादित. मे 2025 पासून लागू असलेल्या योजनेत नियुक्त रुग्णालयात अपघातापासून सात दिवस, दीड लाख रुपयांपर्यंत कॅशलेस उपचार मिळतात. धडक देणाऱ्याचा विमा नसला तरी. धडक देणारी गाडी सापडलीच नाही, तर मृत्यू झाल्यास 2 लाख आणि गंभीर दुखापतीला 50 हजार रुपये भरपाई मिळते. त्यासाठी प्रांत किंवा तहसीलदारांकडे अर्ज करायचा.

‘माझ्या पॉलिसीत 15 लाखांचं अपघात कव्हर आहे की,’ असं म्हणत असाल तर जरा थांबा. आरसी कुणाच्या नावावर आहे? पप्पांच्या? मग ते कव्हर पप्पांचं. ते ‘मालक-चालका’साठी असतं, म्हणजे मालक स्वतः, लायसन्ससह. तुम्ही रोज चालवता म्हणून ते तुम्हाला लागू होत नाही. शिवाय ते मृत्यू आणि कायमच्या अपंगत्वासाठी आहे. मोडलेल्या पायाचं बिल त्यातून निघत नाही.

म्हणून स्वतःच्या नावावर काहीतरी हवं. बँकेत खातं आणि वय 18 पूर्ण असेल, तर प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना वर्षाला 20 रुपयांत मिळते. अपघाती मृत्यू किंवा पूर्ण अपंगत्वाला 2 लाख, कायमच्या अंशतः अपंगत्वाला 1 लाख. धडक कुणी दिली, त्याचा विमा होता का, हे इथे कुणी विचारत नाही. हॉस्पिटलच्या खर्चासाठी घरच्या मेडिक्लेममध्ये आपलं नाव आहे का, तेही विचारून घ्या.

आणि बाइकचा थर्ड पार्टी विमा? जून 2022 मध्ये ठरलेल्या दराने 75 ते 150 सीसीच्या बाइकला तो वर्षाला 714 रुपये, कर वेगळा. रस्त्यावर समोरून कोण येईल, हे आपल्या हातात नाही. पण त्याच्यासाठी समोरचे आपणच असतो.