दायमाबादचा रथ आणि चीनचे जेड

राहात्याहून नगरच्या रस्त्याने निघालात की कोल्हारला प्रवरा नदी लागते. तिच्या काठाने पूर्वेकडे खाली जात राहावे, म्हणजे श्रीरामपूर तालुक्यात डाव्या तीरावर दायमाबादचे पांढरीचे टेकाड दिसते. गाव केव्हाच ओसाड पडले. १९७४ साली तेथे एका झुडपाच्या मुळाशी खणताना एका रहिवाशाला चार धातूची शिल्पे सापडली: बैलजोडीचा रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा. एवढीशी खेळणी असतील असे समजू नका! चारही भरीव ओतीव कामाची असून त्यांचे एकूण वजन साठ किलोग्रॅमहून अधिक भरते. रथ ४५ सेंटिमीटर लांब आहे. त्यात सारथी उभा आहे आणि पुढे दांडीवर एक कुत्राही उभा आहे. रेडा व गेंडा चाकांवर उभे आहेत. पोळ्याला तुम्ही मातीचे बैल मांडता, तशी ही शिल्पे एखाद्या मिरवणुकीत ओढून नेत असावीत, असा काही विद्वानांचा तर्क आहे.

ती किती जुनी? खरी अडचण येथेच आहे. दायमाबादला १९५८ पासून १९७९ पर्यंत तीन वेळा उत्खनन झाले. एकावर एक अशा पाच वसाहतींचे थर तेथे मिळाले. सर्वांत खालचा इ. स. पूर्व २२०० च्या सुमाराचा, तर वरचा जोर्वे संस्कृतीचा थर इ. स. पूर्व १००० च्या आसपास संपतो. परंतु शिल्पे निघाली ती उत्खननात नव्हे. कोणत्या थरात, कोणत्या खापरांबरोबर ती पडली होती, याची नोंद तेव्हा कोणी करणार तरी कसे? कार्बन-१४ पद्धत कोळसा, हाडे, धान्य अशा एकेकाळी सजीव असलेल्या पदार्थांनाच लागू पडते. धातूचे वय ती सांगत नाही.

मग शास्त्रज्ञांनी धातूचे पृथक्करण केले. त्यात एक टक्क्याहून जास्त आर्सेनिक निघाले. महाराष्ट्रातल्या ताम्रपाषाणयुगीन वस्तूंत असे मिश्रण आढळत नाही, म्हणून डी. पी. अगरवाल यांनी शिल्पे बऱ्याच नंतरची असावीत असे मत मांडले. उलट, हडप्पा संस्कृतीच्या काही वस्तूंत आर्सेनिक सापडते, एस. ए. साळी, म. के. ढवळीकर यांनी ती उत्तर हडप्पा काळातली मानली. दोन मतांत हजार वर्षांहून अधिक अंतर आहे. हा वाद अजून मिटलेला नाही.

असाच घोटाळा चीनमध्ये जेडबाबत झाला होता. जेड हा हिरवट, अतिशय चिवट दगड. लोखंडाचे पातेही त्यावर नीट चालत नाही. नवाश्मयुगीन कारागीर दोरी आणि ओली वाळू घेऊन तो घासून घासून कापत. वाळूतील गारेचे कण जेडहून कठीण असतात ना! अशा रीतीने त्यांनी बाहेरून चौकोनी, आतून गोल आरपार भोक असलेल्या ‘त्सुंग’ नावाच्या वस्तू घडवल्या. कोपऱ्यांवर डोळे वटारलेले मुखवटे कोरले. अठराव्या शतकातील चिएनलुंग बादशहाच्या संग्रहात असे अनेक त्सुंग होते. त्याला ते गाडीच्या दांडीचे भाग वाटले! काहींवर त्याने आपली पद्ये कोरवून घेतली, तीही मुखवटे उलटे धरून.

१९७३ मध्ये च्यांगसू प्रांतात त्साओशिएशान येथे एक थडगे खणले, तेव्हा त्सुंग लिआंगचू संस्कृतीच्या मडक्यांशेजारीच मिळाले. तेव्हा कळले, की ते बादशहाला वाटले त्याहून कितीतरी जुने, म्हणजे चार-पाच हजार वर्षांपूर्वीचे धार्मिक विधीचे जेड आहे. दगड तोच होता. शेजारच्या मडक्यांनी काळ सांगितला. दायमाबादच्या रथाशेजारचे एखादे खापर जागेवर नोंदले गेले असते तर!

म्हणून तुमच्या शेतात नांगराला काही लागले, तर ते लगेच उपसू नका. खोली मोजा, मातीचा रंग टिपा, आसपासची खापरे जागच्या जागी राहू द्या आणि शिक्षकांमार्फत तहसील कचेरीत कळवा. दायमाबादच्या हत्तीच्या ओट्याखाली आसांसाठी भोके आहेत, पण त्याची चाके मिळालेली नाहीत.