अबोला कोणी मोडायचा?

श्रोतेहो, वसईच्या खाडीकाठी नायगाव आहे. कोळीवाडा आहे, मिठागरे आहेत आणि जुनी ख्रिस्ती वस्तीही आहे. समजा, इथल्याच दोन मित्रांनी भागीत होडी घेतली. एके दिवशी मासळीच्या वाट्यावरून शब्दाने शब्द वाढला आणि दोघांत अबोला आला. रविवारी दोघेही मिस्सेला येतात, पण एक डावीकडच्या बाकावर बसतो, दुसरा उजवीकडच्या. दोघांच्याही मनात एकच गोष्ट: चूक त्याची, तेव्हा त्यानेच यावे.

मिस्सेत प्रभूभोजनाच्या आधी सर्वजण एकमेकांना शांती देतात. पूर्वीच्या लॅटिन मिस्सेत हा विधी बहुधा वेदीपाशीच उरकत असे. बाकावरच्या माणसापर्यंत तो पोचत नसे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर तो सर्वांचा झाला आणि १९६९ साली भारतातल्या बिशपांच्या विनंतीवरून हात जोडून शांती देण्यास रोमची संमती मिळाली. नमस्कार आपलाच, तो उपासनेत आला, हे फार चांगले झाले. पण त्यात एक सोय अशी की आपण नमस्कार करतो तो शेजाऱ्याला. ज्याच्याशी बिनसले आहे तो पलीकडच्या रांगेत सुरक्षित असतो!

येशूने ही सोय ठेवलेली नाही. मत्तयाच्या शुभवर्तमानात, पाचव्या अध्यायात, तो सांगतो की वेदीपाशी अर्पण आणलेस आणि भावाच्या मनात तुझ्याविषयी काही आहे असे आठवले, तर अर्पण तिथेच ठेव, आधी जाऊन समेट कर. ऐकणारे होते गालीलातले आणि वेदी होती यरुशलेमेत. म्हणजे काही दिवसांची पायपीट करून आलेल्या माणसाने तशीच उलट वाट धरायची! अठराव्या अध्यायात प्रसंग उलटा आहे. तिथे अपराध भावाचा आहे. तरीही जायचे कोणी? तूच. आणि एकट्याने जायचे, चारचौघांत नव्हे. चूक माझी असो वा त्याची, पाऊल मीच उचलायचे.

शिक्षक बंधुभगिनींनो, ही एकांताची अट तुमच्या कामाची आहे, बरं का. दोन मुलांनी कट्टी घेतली की आपण साऱ्या वर्गापुढे त्यांचे हात हातात देतो. हात मिळतात, पण मान खालीच राहते. त्यांना व्हरांड्यात दोघांनाच पाच मिनिटे सोडून पाहा.

कोणी विचारील, मग वाट्याचे पैसे सोडून द्यायचे काय? मुळीच नाही. जक्कय जकातदाराने येशूला घरी घेतले तेव्हा त्याने नुसते अश्रू ढाळले नाहीत; कोणाला लुबाडले असेल तर चौपट परत करीन, असे बोलला. प्रेमाने हिशेब बुडत नाही. हिशेब मांडायला दोघे एकत्र बसतात, एवढेच. मात्र गेल्या गेल्या वही उघडू नये. आपल्या तोंडून गेलेला वाकडा शब्द आधी परत घ्यावा, वाट्याचे मागाहून काढावे.

आणि त्याने दार उघडलेच नाही तर? असे होते. तो राग त्याचा आहे, तो उतरायला त्याला दिवस लागतील. त्याच्या नावाने प्रार्थना करावी, बाजारात त्याची निंदा करू नये, आणि सणाला पुन्हा एकदा त्याच्या ओट्यापर्यंत जाऊन यावे.