रेघ नक्की कुठे चिकटली?

गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत मी जालन्याहून अंबड तालुक्यातल्या आमच्या गावी गेलो, तेव्हा पुतण्याने ओसरीवर लॅपटॉप मांडला होता आणि आमचे थोरले बंधू, पोराने घरात अस्वल आणून बांधावे, तशा नजरेने त्याकडे पाहत होते. चिरंजीव स्थापत्याची पदविका घेऊन आलेले. शेतातल्या उंचवट्यावर दादांनी ५ फूट खोलीचा हौद बांधला आहे. रात्री वीज आली की विहिरीचे पाणी त्यात चढवायचे आणि दिवसा उताराने मोसंबीला सोडायचे, असा बेत. निजामाच्या राजवटीतल्या घाणेवाडी तलावाचे पाणी जालना शहरात आले ते याच युक्तीने. तेव्हा नळ किती इंची घ्यावा, हे पुतण्या शेताचा त्रिमिती आराखडा काढून ठरवणार होता.

मी शेजारी बसलो. मोजणीचा जुना नकाशा पडद्यावर अंथरून तो त्याच्या रेघा गिरवीत होता. ‘गिरवणे’ हा शब्द माझा. त्याच्या विद्येत ‘डिजिटायझिंग’ म्हणतात. पाटीवर श्रीगणेशा गिरवला त्याहून हे फारसे निराळे नाही. एवढेच की इथे हात धरणारे गुरुजी यंत्रातच बसले आहेत. कर्सर, म्हणजे पडद्यावरचा तो फिरता बाण, आधीच्या रेघेच्या टोकाजवळ नेला की झटकन त्या टोकालाच जाऊन चिकटतो. याचे नाव ‘स्नॅप’.

“डोळ्यांनी जुळवता येत नाही का रे?” मी विचारले.

“काका, डोळ्यांना जुळलेले दिसते, पण जुळलेले नसते.”

त्याने स्नॅप बंद करून दोन रेघा काढल्या आणि चित्र मोठे केले. मघाशी एकमेकींना भेटलेल्या त्या रेघांत चांगली फट होती! १:१००० प्रमाणाच्या नकाशात अर्ध्या मिलिमीटरची चूक म्हणजे जमिनीवर अर्धा मीटर; २०० मीटर लांबीच्या बांधावर ती १०० चौरस मीटर होते, म्हणजे जवळजवळ एक गुंठा. आपल्याकडे वीतभर बांध कोरला म्हणून दोन पिढ्या कोर्टाची पायरी चढतात, हे वाचकांना सांगायला नको. आम्ही व्याकरणवाले याला संधी म्हणू: दोन वर्ण नुसते शेजारी बसून भागत नाही, एकमेकांत मिसळावे लागतात. अमेरिकेत आयव्हन सदरलँड यांनी १९६३ साली ‘स्केचपॅड’ दाखवले, त्यातही प्रकाशलेखणी रेघेजवळ नेली की नवा बिंदू नेमका त्या रेघेवरच बसे.

असो. संध्याकाळी आराखडा पुरा झाला. “बाबा, बागेच्या कोपऱ्यापर्यंत ७ फूट उतार मिळतो. दोन इंची नळ पुरेल.”

दादा विडी विझवून म्हणाले, “७ फूट? हौदाच्या तळापासून त्या कोपऱ्यापर्यंत दोन फुटांवर उतार नाही. चाळीस वर्षं त्या रानात पाणी धरतोय मी.”

पुतण्याचा चेहरा पडला. त्याने आराखडा बाजूने फिरवला, आणि नळ हौदाच्या तळाला लागण्याऐवजी वरच्या कडेला लोंबत असलेला दिसला! भिंती सरळ उभ्या, त्यामुळे वरून पाहताना काठाचा कोपरा आणि तळाचा कोपरा एकावर एक येतात. बाणाने त्यांतला वरचा पकडला आणि त्याची उंचीही बरोबर उचलली. जुळले होते अगदी बिनफटीचे, पण पाच फूट वर.

“म्हणजे तुझा हिशेब काठोकाठ भरलेल्या हौदाचा झाला,” दादा म्हणाले. “मे महिन्यात आपल्या विहिरीच्या पाण्याने तो काठोकाठ भरेल का?”

झाडे वाळायची ती नेमकी त्याच महिन्यात. २०१२ च्या दुष्काळात आमची अर्धी बाग जळाली होती; ती तोडताना दादा आठ दिवस कोणाशी बोलले नव्हते.

पोराने वाद घातला नाही, हे मला आवडले. काठाच्या रेघा त्याने पडद्यावरून लपवल्या, बाणाला फक्त तळाचे कोपरे दिसतील अशी तजवीज केली आणि नळ पुन्हा जोडला. उतार निघाला २ फूट. दोन इंचीऐवजी तीन इंची नळाची यादी झाली. खर्च वाढला, म्हणून वहिनींनी तोंड वाकडे केले.

चर खणायच्या दिवशी गवंडी पारदर्शक नळीत पाणी भरून पातळी तपासू लागला. नळीचे एक टोक त्याच्या हातात होते आणि दुसरे, बागेच्या कोपऱ्यात उन्हात उकिडवा बसून, पुतण्याने धरले होते.